बोकडाच्या पाठीवरचा पिवळा झेंडा

माझी मावसबहीण हेर्लिंडे नेस्लर हिला आमच्या देशात ओळखत नाही असा माणूस त्या काळी सापडला नसता. स्कीवरून उतरायच्या डाउनहिल शर्यतीत ती ज्या वेगाने डोंगर उतरायची, त्या वेगाने आमच्या खोऱ्यात मोटार चालवली तर पोलीस परवाना काढून घेतील. पण जिंकून घरी आली तरी तिचं तोंड आंबटच असायचं. त्याला कारण होतं.

आम्ही दोघं गाल्फेरचे. मोंटाफोनच्या खोऱ्यात रस्ता संपतो, तिथलं गाव. तिच्या वडिलांचा, युजेनकाकांचा, गोठा आमच्या सुतारकामाच्या शेडला लागून होता, त्यामुळे लिंडे, घरात तिला हेच म्हणायचे, चालायला लागल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. गावची पोरं स्कीवर वळायला शिकत होती तेव्हा ही कुरणावरून नाकासमोर सरळ खाली यायची आणि थांबता येत नाही म्हणून गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगात शिरायची. मावशी तिला अंगणातच नळीखाली धरायची. खांबांमधून झिगझॅग जायच्या शर्यती तिला कधी आवडल्या नाहीत. "प्रत्येक खांबाला नमस्कार करत काय फिरायचं," म्हणायची. वेगाच्या दोनच शर्यती तिच्या, डाउनहिल आणि सुपर-जी.

त्या दोन्हींत तिने हंगामामागून हंगाम जिंकले. हंगामभर सगळ्यांत जास्त गुण मिळवणारीला स्फटिकाचा गोल देतात. असे चार गोल मावशीच्या बैठकीच्या खोलीत कपाटावर होते आणि मावशी ते पुसून पुसून वैतागली होती. पण लोकांना लक्षात राहतं ते सुवर्णपदक, आणि ते एकाच दिवशी एकाच शर्यतीत मिळतं. तो दिवस लिंडेच्या वाट्याला येत नव्हता. पहिल्या जागतिक स्पर्धेआधी सरावात पडून नडगीला चीर गेली. दुसऱ्या वेळी तिचा क्रमांक येईपर्यंत लख्ख ऊन होतं, आणि ती सुरुवातीच्या खोपटीतून निघाली तसं बर्फ पडायला लागलं. ऑलिंपिकचं तर विचारूच नका. आमच्याकडे चांगल्या मुली इतक्या की जागा चार आणि हक्कदार आठ. हंगामात पहिल्या क्रमांकावर असूनही तिला आपल्याच संघातल्या मुलींशी जागेसाठी झुंजावं लागलं. जागा ठरवायच्या सरावात तिच्या बुटाची स्कीवरची पकड सुटली आणि जागा गेली. शर्यतीच्या दिवशी ती संघाची टोपी घालून प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती. टीव्हीवाल्यांनी तिचा चेहरा मोठा करून दाखवला तेव्हा मावशीने टीव्ही बंद केला.

मग जागतिक स्पर्धा आमच्याच गावाला मिळाली.

त्या शर्यतीची वाट आमच्या डोंगरावरून, आमच्या घरांच्या वरून उतरणार होती. लिंडे तेव्हा तिशीला आली होती आणि गुडघे पावसाआधी दुखायला लागले होते. तिला पक्कं माहीत होतं की ही शेवटची संधी. गावालाही माहीत होतं. बेकरीवाल्याने आधीच तिच्या नावाचा पाव काढला होता, त्यावरून ती त्याच्याशी भांडून आली होती.

मी लहानपणापासून गावच्या स्की क्लबात आहे. शर्यत असली की आम्ही सगळे कामाला लागतो. कोणी जाळ्या बांधतं, कोणी बर्फावर पाणी मारून ते गोठवतं. माझी जागा ठरलेली होती. वाटेच्या मध्यावर एक मोठा उंचवटा आहे, त्याला आम्ही बोकडाची पाठ म्हणतो. स्कीवाल्या तिथून हवेत उडतात आणि बऱ्याच खाली जाऊन टेकतात. पाठीच्या पलीकडचं वरून काहीही दिसत नाही, म्हणून तिच्या अलीकडे पिवळा झेंडा घेऊन माणूस उभा करतात. पलीकडे कोणी पडलं असेल तर पंच वॉकी-टॉकीवर सांगतात, आणि मागून येणारीला झेंडा दाखवून थांबवायचं. थांबलेल्या मुलीला पुन्हा वरून निघू देतात. बरीच वर्षं मी तिथे उभा राहिलो होतो आणि झेंडा एकदाही उघडावा लागला नव्हता.

पहिल्या दिवशी दक्षिणेचा उबदार वारा इतका सुटला की शर्यत रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी लिंडे आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. माझी बायको मार्लीस क्नोप्फ्ले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे छोटे उकडलेले गोळे, करत होती.

"उद्या तरी होईल का गं?" मार्लीसने विचारलं.

"वारा पडला तर होईल."

"पडेल. रेडिओवर सांगितलंय."

"पडला तर, बर्फ राहिलं तर, ऊन असलं तर. माझं सगळं आयुष्य या 'तर'मध्ये गेलं, मार्लीस. तळलेला कांदा अजून घाल वरून. कंजूषपणा करू नकोस."

तिने दोन ताटल्या खाल्ल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोकडावरच आहेस ना?"

"तिथेच."

"बरं आहे. ओळखीचा चेहरा असतो मधे."

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. आकाश निळं, बर्फ रात्रीच्या थंडीने काचेसारखं. मात्र दुपारनंतर ढग येणार असल्याने पंचांनी घाई चालवली होती आणि दोन मुलींमध्ये नेहमीपेक्षा कमी वेळ सोडत होते. लिंडेच्या आधी आमच्याच संघातली आनेग्रेट क्रोल निघणार होती. त्सिलरतालच्या खोऱ्यातली एकोणीस वर्षांची पोरगी. सकाळी उताराची पाहणी करताना लिंडेने तिला बोट धरून प्रत्येक वळण दाखवलेलं मी पाहिलं होतं. बोकडापाशी उजवीकडे राहा, डावीकडे उतार बाहेर ढकलतो, हे तिने दोनदा सांगितलं होतं.

आनेग्रेट माझ्या समोरून डावीकडून गेली. हवेत तिचा एक हात वर गेलेला दिसला आणि ती पाठीपलीकडे नाहीशी झाली. मग खालून प्रेक्षकांचा जो आवाज आला त्यावरूनच ती पडल्याचं कळलं.

वॉकी-टॉकीवर मुख्य पंच ओरडले, "वरचं थांबवा, वरचं थांबवा." पण लिंडे तेवढ्यात खोपटीच्या दारातली दांडी ढकलून बाहेर पडली होती. ते मला भोंग्यावरच्या निवेदकामुळे कळलं. त्याला खाली काय झालंय याचं भान असावं, तरी गड्याला राहवेना. पहिल्या टप्प्यावर हेर्लिंडे नेस्लर सगळ्यांच्या पुढे, असं तो म्हणाला. दुसऱ्या टप्प्यावर आणखी पुढे.

"बोकड, पिवळा दाखव," पंचांनी सांगितलं. "मुलगी वाटेत आहे. पिवळा."

मी झेंडा उघडला. वरच्या वळणातून ती आली. अंग दुमडलेलं, हनुवटी गुडघ्यांवर, स्कीखालून बर्फाचा फाटल्यासारखा आवाज. तिला इतकं चांगलं उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिला लहानपणापासून बघतोय. मी झेंडा डोक्यावर धरून दोन्ही हातांनी हलवला.

ती सरळ उभी राहिली, स्की आडव्या केल्या आणि माझ्यापुढे बरीच घसरत जाऊन बोकडाच्या अगदी कडेवर थांबली. तिथून तिला पलीकडचं दिसत होतं. बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली. मग पायऱ्या चढल्यासारखी आडवी पावलं टाकत माझ्याकडे आली.

"कोणी सांगितलं?"

"पंचांनी."

"ती बाजूला आहे, एल्मार. जाळीपाशी ओढलंय तिला. वाट मोकळी आहे."

"मला इथून दिसत नाही."

"हो. तुला दिसत नाही." तिने हातमोजा दातांत धरून ओढला, मग परत घातला. "पंच पुन्हा निघणार का विचारतायत ना? हो म्हणून सांग. दुसरं काय सांगणार आहेस."

तिला बर्फगाडीवरून पुन्हा वर नेलं. आनेग्रेटला हेलिकॉप्टरने उचलून नेईपर्यंत सगळं थांबलं. मग बाकीच्या मुली निघाल्या, आणि त्यांच्यानंतर लिंडे. तोवर ऊन वरच्या भागावर येऊन बर्फ मऊ पडलं होतं आणि खालच्या भागावर ढगांची सावली आली होती. त्या सपाट उजेडात खड्डे दिसत नाहीत. तिचे पाय एकदा सगळं देऊन बसले होते. माझ्यासमोरून ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा मान वळली नाही, पण बर्फाचा आवाज वेगळा होता.

चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्या मध्ये पापणी लवण्याइतकंही अंतर नव्हतं. सुवर्णपदक एका स्विस मुलीला मिळालं. संघाच्या प्रशिक्षकांनी तक्रार नोंदवली, ती फेटाळली गेली. ती फेटाळायचीच होती, कारण नियमाप्रमाणे सगळं झालं होतं.

संध्याकाळच्या बातम्यांत त्यांनी वरच्या आणि खालच्या कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. मी झेंडा उघडला तेव्हा आनेग्रेट खरंच वाटेत आडवी पडलेली होती. लिंडे कडेवर येऊन थांबली तेव्हा दोन माणसं तिला जाळीपाशी घेऊन पोचली होती. झेंडा नसता तर लिंडे आनेग्रेटला धक्काही न लावता गेली असती, असं पडद्यावर तरी दिसत होतं. मार्लीसने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

गावाने मात्र सोडलं नाही. खानावळीत गेलो की कोपऱ्यातून आवाज यायचा, "एल्मार, बिअर हवी असेल तर झेंडा दाखव." माझ्या शेडच्या दाराला कोणीतरी पिवळी चड्डी टांगून गेलं. मार्लीसने ती धुतली आणि फर्निचरला तेल लावायला मला दिली. बेकरीवाल्याने माझ्याशी बोलणं टाकलं, त्याचा पाव विकला गेला नव्हता ना. मी सगळ्यांना एकच सांगत होतो, पुन्हा तसं झालं तर पुन्हा तसंच करीन. समोरून येणारी माझी बहीण आहे आणि वाटेत कोणाची तरी दुसऱ्याची मुलगी पडली आहे, यात विचार करायला काय आहे? पण हे दहा वेळा बोललं की आपल्यालाच ते पाठ केल्यासारखं वाटायला लागतं.

लिंडे माझ्याशी बोलत नव्हती. भांडतही नव्हती, त्यानेच जास्त त्रास व्हायचा. आनेग्रेटला बघायला इस्पितळात जायचं होतं तेव्हा तिने मार्लीसला गाडी काढायला लावली. पोरीच्या गुडघ्याचं शस्त्रक्रियेत काय काय जोडलं ते मला सांगता येणार नाही. लिंडेला बघून ती रडायला लागली आणि माफी मागायला लागली.

"रडू नकोस," लिंडे तिला म्हणाली. "उजवीकडे राहा म्हणून सांगितलं होतं, तू डावीकडून गेलीस. पुढच्या वेळी उजवीकडून जा."

चॉकलेटचा डबा ठेवून ती निघाली. मार्लीस सांगते, परतताना गाडीत ती म्हणाली, "तिच्यावर चिडताही येत नाही. पाय बघितलास तिचा?"

त्या हंगामात उरलेल्या दोन्ही शर्यती तिने जिंकल्या. पाचवा गोल घरी आला. तो तिने कपाटावर ठेवलाच नाही, काकांच्या गोठ्यातल्या फळीवर दुधाच्या बरण्यांशेजारी ठेवून दिला.

एप्रिलमध्ये जाळ्या काढायचं काम निघतं. त्या दिवशी बोकडाच्या भागात मी एकटाच होतो. दुपारी वरून कोणीतरी स्कीवर येताना दिसलं, तर लिंडे. फावडं घेऊन आली होती. आल्या आल्या जाळीचे खांब उपटायला लागली. दोन-चार खांब झाल्यावर म्हणाली, "आनेग्रेटला बाजूला ओढलं होतं म्हणून नुसतं नाही म्हणत मी. ती मधे पडलेली असती तरी मी गेले असते. उजवीकडे जागा होती."

"नव्हती."

"होती. तुला वरून काय कळणार?"

"मग तुला तरी काय कळलं? तू कडेवर येईपर्यंत तिला हलवलं होतं."

"मला वाट माहीत आहे, एल्मार. झोपेत उतरू शकते मी इथून."

महिनोन् महिने मी चांगुलपणाने ऐकून घेत होतो. त्या दिवशी माझंही डोकं फिरलं. मी फावडं टाकलं आणि बोकडाच्या खाली, टीव्हीवर पोरगी जिथे पडलेली दिसली होती तिथे जाऊन पचपचीत बर्फात आडवा झालो.

"ये," मी म्हणालो. "वर जा आणि ये. बघू कुठे जागा आहे ती."

"उठ. वेडेपणा करू नकोस."

"नाही उठत. सगळं गाव मला विचारतंय. मलाही एकदा कळू दे."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि खरोखर चढायला लागली. ती वळणाआड गेली तेव्हा माझ्या पाठीकडून कपड्यांत पाणी शिरायला लागलं होतं. आपल्याला दोन मुलं आहेत आणि हे मार्लीसला कळलं तर ती मला घरात घेणार नाही, असं काय काय मनात येऊन गेलं. तरी उठलो नाही. का, ते विचारू नका.

ती आली. एप्रिलच्या ओल्या बर्फात शर्यतीच्या निम्मा वेगही नव्हता. बोकडाच्या कडेवर तिचं डोकं दिसलं, मग खांदे, आणि मी तिच्या नजरेत आलो तो क्षण मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. तिने उजवीकडे अंग टाकलं. स्की ओल्या बर्फात रुतल्या, ती उलटी झाली आणि लोळत माझ्या पायांपाशी येऊन थांबली. तिच्या काठीचं टोक माझ्या विजारीतून आरपार गेलं होतं. मांडीला नुसतं खरचटलं.

मी पडल्या पडल्याच काठी सोडवली.

"हे ओलं बर्फ होतं," ती आकाशाकडे बघत म्हणाली. "कडक असतं तर स्की धरली असती."

"कडक असतं तर दुप्पट वेगात असतीस."

"पुन्हा बघू या. आता मला माहीत आहे तू कुठे आहेस ते."

"मी नाही झोपणार पुन्हा. मुख्य पंचांना बोलाव."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. उठून बसली आणि बर्फाचे गोळे करून जाळीवर फेकायला लागली. एक, मग दुसरा, मग कितीतरी. "जागा होती किंवा नव्हती, मला आता कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "हरले असते तर बरं झालं असतं. पडले असते तरी चाललं असतं. मला कोणी हरवलंच नाही रे. मला थांबवलं."

"मी थांबवलं."

"तू थांबवलंस. आणि बरोबर केलंस, हे मला माहीत आहे. त्याचाच तर संताप येतो." मग माझ्या विजारीकडे बघून म्हणाली, "मार्लीसला काय सांगणार आहेस?"

मार्लीसला मी खिळा लागला म्हणून सांगितलं. तिला पटलं नाही, पण त्या संध्याकाळी लिंडे जेवायला आली, त्यामुळे तिने पुढे विचारलं नाही.

लिंडे आणखी दोन हंगाम उतरली. पुढची जागतिक स्पर्धा दुसऱ्या देशात झाली. तिथे सुवर्णपदक आनेग्रेट क्रोलला मिळालं. गुडघ्यात स्क्रू असलेली पोरगी प्रत्येक अवघड वळणाला उजवीकडे राहून उतरली. लिंडे सातवी आली. आनेग्रेटने माइकसमोर तिचं नाव घेतलं, तिच्यामुळे मी शिकले म्हणाली. घरी आल्यावर मावशीने तो भाग पुन्हा लावला तेव्हा लिंडे म्हणाली, "एकदाचं ऐकलं म्हणायचं," आणि गोठ्यात निघून गेली. काकांना वाटलं रडायला गेली. बघितलं तर गाईंचं शेण काढत होती, इतक्या जोरात की काकांनी मधे पडायचं टाळलं.

तिने निवृत्ती जाहीर केली आणि शेवटची शर्यत आमच्या गावच्या डोंगरावर ठरवली. शेजारच्या खोऱ्यांतून लोक आले. बेकरीवाल्याने पुन्हा पाव काढला, या वेळी ती काही बोलली नाही. मी बोकडावर उभा होतो. सकाळी धुकं आलं आणि हटेना. तासाभराने विचारू, अजून अर्ध्या तासाने विचारू, असं करत दुपार झाली, आणि वॉकी-टॉकीवर शर्यत रद्द झाल्याचं सांगितलं. पुढची तारीख नव्हती. तो हंगामाचा शेवटचा दिवस होता.

थोड्या वेळाने धुक्यातून ती सावकाश उतरत आली. शर्यतीचा घट्ट पोशाख, छातीवर क्रमांक, वरून काकांचा जुना लोकरी कोट.

"सुरुवातीच्या खोपटीत तीन तास बसले," ती म्हणाली. "आत इतकी घाण आहे, क्लबला सांग."

"सांगतो."

"खाली पोचल्यावर लोकांना हात हलवायचा असं ठरवलं होतं. इतकी वर्षं कधी नीट हलवला नाही. काल आरशासमोर करूनही बघितलं, मूर्खासारखं." तिने नाक पुसलं. "चल, थंडी वाजतेय."

आम्ही दोघं बरोबर उतरलो. धुक्यात तिलाही हळू जावं लागत होतं, आणि त्यावरून ती सगळ्या वाटेवर कुरकुरत होती. खाली प्रेक्षक घराकडे निघाले होते, त्यांच्यापैकी कोणाला आम्ही दिसलो नाही. डोंगरावर नेणाऱ्या दोरीच्या पाळण्याच्या रांगेपाशी एक डच कुटुंब उभं होतं. त्यातल्या माणसाने, ती कोण हे न ओळखता, लिंडेच्या हातात कॅमेरा दिला आणि आमचा फोटो काढता का म्हणून विचारलं. तिने काढला. कोणीतरी डोळे मिटले होते म्हणून त्यांना पुन्हा नीट उभं केलं आणि दुसरा काढला.